अंगणवाडी : आपल्या लेकरांची पहिली शाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. गुणवंतांची छायाचित्रे, त्यांच्या गुणांचे आकडे आणि खाली शिकवणी वर्गाचे नाव. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर मराठवाड्याची वेस ओलांडून केव्हाच दूर गेला आहे. आपल्या समाजातले आईबापही यात मागे नाहीत. कोणी शेळ्या विकतो, कोणी गळ्यातले मोडते, कोणी बचतगटाचे कर्ज काढते. पण लेकराला अकरावीला लातुरात नाहीतर नांदेडात ठेवतातच. खोलीचे भाडे, खानावळीचा डबा, शिकवणीची फी, सारे सोसतात. या त्यागाला आमचा मनापासून जय भीम.

परंतु आज आम्ही आमच्या माता-भगिनींपुढे आणि बांधवांपुढे एक वेगळाच प्रश्न ठेवणार आहोत. ज्या लेकरावर आपण सतराव्या वर्षी एवढा पैसा ओततो, ते लेकरू तिसऱ्या वर्षी दिवसभर काय करीत होते? कोणाजवळ होते? त्याच्याशी कोण बोलत होते?

प्रश्न चमत्कारिक वाटेल. तिसऱ्या वर्षी लेकरू खेळत असते, त्यात विचारायचे काय? शिक्षण तर पहिलीपासून सुरू होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तीत अंगणवाडी आहे, पण ती कशासाठी, असे विचारले तर दहांतले आठ जण 'खिचडीसाठी' म्हणून मोकळे होतात. ही समजूत आपल्या लेकरांचे मोठे नुकसान करीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगणवाडी ही खिचडीची जागा नव्हे. ती आपल्या लेकरांची पहिली शाळा आहे. दहावीला आणि बारावीला जी इमारत उभी राहते, तिचा पाया तेथे भरला जातो.

खेळता खेळता काय घडते?

माणसाच्या मेंदूची बहुतेक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक असल्याचे म्हटले आहे. वाढ म्हणजे नुसता डोक्याचा आकार नव्हे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात, त्या जोडण्यांवर पुढचे शिकणे अवलंबून असते. शेतातली पाऊलवाट आपण पाहतोच. ज्या वाटेने रोज जाणे-येणे होते ती वाट पक्की होते, जिच्यावरून कोणी जात नाही ती गवतात बुजून जाते. लेकराच्या डोक्यातही असेच आहे. जे ते रोज ऐकते, हाताळते, विचारते, त्याच्या वाटा पक्क्या होतात.

तान्हे बाळ हुंकार देते आणि आई 'हो ग माय, काय म्हणते?' असे म्हणते, तेव्हा त्या बाळाला एक मोठी गोष्ट कळते. आपण आवाज काढला की कोणीतरी उत्तर देते. भाषेचा हा पहिला धडा. तीन वर्षांचे लेकरू सुपात मिसळलेली ज्वारी, तूर आणि मूग वेगवेगळी करते, तेव्हा ते रंग, आकार आणि सारखेपणा ओळखायला शिकते. गणिताची सुरुवात येथे आहे. चिंचोके मोजून दोन वाटे करणारे लेकरू भागाकाराच्या उंबरठ्यावर उभे असते, फक्त त्याला ते नाव ठाऊक नसते. फुले दोऱ्यात ओवताना, मातीची भाकरी थापताना बोटांना वळण लागते. ज्या बोटांना असे वळण लागले नाही, त्यांच्या हाती तिसऱ्या वर्षी पेन्सिल देऊन काय उपयोग? गोष्ट ऐकताना 'मग पुढे काय झालं?' असे लेकरू विचारते, तेव्हा आधी काय आणि नंतर काय, कशामुळे काय, हा विचार करायला ते शिकते. पुढे धडा वाचून समजून घ्यायचा असतो तो याच शक्तीवर.

आणि भातुकली? भातुकलीत एक जण आई होते, एक जण डॉक्टर होतो, एक जण दुकानदार होतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे ऐकणे, रुसवा गिळणे, हे सारे त्यात येते. वर्गात बसणाऱ्या मुलाला जेवढी अक्षरओळख लागते, तेवढेच हे गुणही लागतात.

हे सर्व श्रीमंताच्या घरी आपोआप घडते असे नाही आणि गरिबाच्या घरी घडतच नाही असेही नाही. आपल्या आज्या गाणी गातात, पाळणे म्हणतात, कोडी घालतात. पण जेथे आई-बाप दोघेही सूर्य उगवायच्या आत रोजाने जातात, घरात आजी नाही, तेथे लेकराशी बोलायला माणूसच उरत नाही. अशा लेकरासाठी अंगणवाडीचे तीन-चार तास फार मोलाचे आहेत.

अंगणवाडी आली कोठून?

अंगणवाडी हे नाव सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि त्या नावाशी दलित वस्तीचा जवळचा संबंध आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. तोवर बालशिक्षण म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांची चैन होती. साधने परदेशी, महागडी. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली आणि आदिवासींची मुले गावातल्या बालवाडीत येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. का येत नाहीत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, माती आली. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. अनुताईंची कर्मभूमी पुढे कोसबादची टेकडी झाली.

१९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात पहिले ३३ प्रकल्प निवडले गेले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. योजनेत सहा सेवा सांगितल्या आहेत : पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याची संदर्भ सेवा आणि मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण. सहांपैकी आपल्या ध्यानात राहिली फक्त पहिली. दुसरी सेवा आपण मागितलीही नाही आणि पुष्कळ ठिकाणी ती मिळालीही नाही.

पोट आणि डोके वेगळे नाही

आहाराला आम्ही कमी लेखत नाही, हे येथे आवर्जून सांगतो. उपाशी लेकरू शिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणजे दर तीन लेकरांत एकाहून अधिक. यात सुधारणा होत नाही असे नाही. औरंगाबाद विभागात मराठवाड्यातल्या कुपोषणावर जे काम झाले, त्यातूनच २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. त्यानंतर २०१२ पर्यंत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण सुमारे एकतृतीयांशाने घटले. पण पुढे ती गती राहिली नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा २०१५-१६ मध्ये ३४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये ३५.२ झाला. लक्ष दिले की सुधारते, लक्ष काढले की थांबते, एवढा बोध यातून घ्यावा.

पण नुसता आहारही पुरत नाही. वेस्ट इंडीजमधल्या जमैका देशात किंग्स्टन शहरी १९८० च्या दशकात एक प्रयोग झाला. वाढ खुंटलेली १२९ लेकरे घेतली, वय नऊ महिने ते दोन वर्षे. त्यांतल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य सेविका जाई. बरोबर घरी बनवलेली खेळणी असत. आईने बाळाशी कसे बोलावे, कसे खेळवावे, हे ती दाखवी. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर ज्यांच्या घरी हा खेळ पोचला होता, ती मुले तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावीत होती. डबे, चिंध्या, ठोकळे यांची ही खेळणी! बाजारातले एकही नव्हते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ पासून गरीब काळ्या कुटुंबांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात चांगली बालवाडी दिली. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईशी बोले. ६५ मुलांना ती मिळाली नाही. मग ही माणसे चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बालवाडीला गेलेल्यांपैकी ७७ टक्के शालान्त शिक्षण पुरे करू शकले, न गेलेल्यांपैकी ६० टक्के. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले पहिल्या गटात ३६ टक्के, दुसऱ्यात ५५ टक्के. बुद्धिमापन चाचणीतला फरक मात्र काही वर्षांत पुसला गेला होता. मग टिकले काय? चिकाटी टिकली, शाळेची गोडी टिकली, माणसांत वागण्याची रीत टिकली. ज्या समाजाला 'यांची बुद्धीच कमी' असे पिढ्यान् पिढ्या हिणवले गेले, त्या समाजाने या प्रयोगाकडे नीट पाहावे. त्या मुलांत कमी काही नव्हते. संधी कमी होती.

ए बी सी डी चा हव्यास

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. ज्यांना चार पैसे परवडतात ते अंगणवाडी सोडून इंग्रजी नावाच्या नर्सरीकडे धावतात. टाय, बूट, पाठीवर दप्तर आणि तीन वर्षांच्या लेकराला दोन पाने गृहपाठ. लेकराने पाहुण्यांपुढे इंग्रजी कविता घडाघडा म्हटली की आईबापांना वाटते, पैसे वसूल झाले. आम्ही इंग्रजीच्या विरोधात मुळीच नाही. इंग्रजी आपल्या मुलांना आलेच पाहिजे. पण अर्थ न कळता पाठ केलेले ओझे म्हणजे भाषा नव्हे. तीन वर्षांच्या वयात बाकावर गप्प बसवणे आणि अक्षरे गिरवायला लावणे याला कोणताही जाणकार बालशिक्षण म्हणत नाही. ताराबाईंनीही ते मानले नव्हते आणि आजच्या सरकारी अभ्यासक्रमातही ते नाही. केंद्राने २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' नावाचा जो अभ्यासक्रम आणला, तोही खेळावरच उभा आहे.

या हव्यासात आणखी एक अन्याय लपलेला आहे. 'असर' या पाहणीत २०१९ साली देशातल्या २६ जिल्ह्यांतली लहान मुले पाहिली गेली. चार-पाच वर्षांच्या मुलांपैकी खासगी ठिकाणी जाणारे मुलगे सुमारे ५० टक्के, मुली ४३ टक्के. म्हणजे पैसे भरायचे तर मुलासाठी, फुकटचे ते मुलीसाठी, ही वाटणी चौथ्या वर्षीच होते. आमच्या घरांनी तरी हा भेद करू नये.

लातूर जिल्ह्यातल्या एका वस्तीत समाजमंदिरात भरणारी अंगणवाडी आम्ही पाहिली. भिंतीचा रंग उडालेला, पंखा बंद. पण बाईंनी सतरंजीवर पाच वाट्या मांडल्या होत्या : हरभरा, तूर, करडई, चिंचोके आणि बारीक खडे. लेकरे मन लावून निवडत होती. एका मुलीने खडे आणि करडई एकाच वाटीत टाकली. बाई रागावल्या नाहीत, 'का ग असं केलंस?' म्हणाल्या. ती म्हणाली, 'हे दोन्ही पांढरे हायेत.' बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, 'बरोबर. आता यातलं खायचं कोणतं आन् फेकायचं कोणतं, ते काढ.' या दोन वाक्यांत जे शिक्षण होते ते कोणत्याही टायबुटाच्या नर्सरीत मिळणारे नव्हते. त्या बाईंना गावात मात्र 'खिचडीवाली' म्हणत होते.

बाईंवरचे ओझे

सगळ्याच अंगणवाड्या अशा नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. काही ठिकाणी लेकरे येतात, खातात, जातात. दोष सगळा सेविकेवर टाकणे सोपे आहे. पण तिची कामे मोजा. वजने घ्या, गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी जा, लसीकरणाला मुले जमवा, आहार वाटा, सर्वेक्षण करा. २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर मोबाईलमध्ये सगळी माहिती भरा. आणि या सर्वांसाठी पगार नव्हे, मानधन! आपल्या हक्कांसाठी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका व मदतनीस ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४ असे ५२ दिवस संपावर होत्या. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता.

तमिळनाडूत एक उपयुक्त प्रयोग झाला. काही अंगणवाड्यांत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ अशी एक जादा बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलांचे गणित आणि भाषा सुधारली. एवढेच नव्हे तर जुन्या सेविकेला आहार-आरोग्यासाठी सवड मिळाल्याने खुजेपण आणि तीव्र कुपोषणही घटले. म्हणजे एकीच्या डोक्यावर दहा कामे ठेवली की दहाही अर्धवट राहतात. आपण सेविकेकडून काम मागावे, आणि तिच्या मागणीलाही पाठिंबा द्यावा. दोन्ही एकाच वेळी करता येते.

आपल्या भागाच्या अडचणी

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या काही खास अडचणी आहेत. पहिली भाषेची. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे कित्येक घरांत तेलुगू बोलतात. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, तर उदगीर, देवणी, निलंग्याच्या कडेला कानडी. आणि आपली मराठी तरी पुस्तकातली कोठे आहे? लेकरू 'माय' म्हणते, पुस्तक 'आई' म्हणते. लेकराच्या घरच्या बोलीला हसले की ते गप्प होते, आणि गप्प झालेले लेकरू शिकत नाही. त्याच्या बोलीतच बोलू द्यावे, पुस्तकी शब्द हळूहळू शेजारी ठेवावा.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळी सरली की मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोटच्या डोंगराळ भागातून मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोणी वीटभट्टीला जातो. पहाटे कोयता घेऊन आईबाप फडात, लेकरू पाचटावर नाहीतर कोपीत. त्याच्याजवळ कोण? त्याची आठ वर्षांची बहीण. म्हणजे धाकट्याची अंगणवाडी बुडाली आणि थोरलीची शाळाही. एका अंगणवाडीने दोन लेकरांचे शिक्षण वाचते, हे येथे दिसते. ज्या गावी अंगणवाडीत नाव आहे, तेथून स्थलांतराची नोंद करून घ्यावी आणि जेथे उतराल तेथल्या अंगणवाडीत लेकराचे नाव सांगावे. कारखान्याच्या तळाजवळच्या अंगणवाडीने 'तुम्ही बाहेरगावचे' म्हणून परत पाठवू नये. लेकरू कोणत्याही गावचे असो, त्याचा हक्क त्याच्याबरोबर चालतो.

तिसरी अडचण जुनीच. अंगणवाडी गावठाणात, आपली वस्ती ओढ्यापलीकडे. तीन वर्षांचे लेकरू पावसाळ्यात एकटे कसे जाणार? कोठे आपली लेकरे कडेला बसवली जातात, कोठे मदतनीस आपल्या समाजाची असली की तिच्या हातचे खायला नको म्हणून काही घरची मुले येत नाहीत, अशा तक्रारी अजूनही कानी येतात. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झालेली आहे आणि तिचे आचरण गुन्हा आहे. तीन वर्षांच्या लेकराला पंक्तीतला भेद शिकवणारी जागा शाळा म्हणवून घेऊ शकत नाही. असे दिसले तर गप्प बसू नये, लेखी तक्रार करावी.

बाबासाहेबांचे कलम

घटनेतल्या मूळच्या ४५ व्या कलमाने राज्यावर एक जबाबदारी टाकली होती : दहा वर्षांच्या आत सर्व मुलांना, ती चौदा वर्षांची होईपर्यंत, मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. घटना समितीत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली, तेव्हा ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती आखडावी अशी सूचना आली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालचे मूल कामाला जुंपायचे नाही, तर ते शिकत असलेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. या कलमात चौदा ही वरची मर्यादा होती, खालची मर्यादा नव्हती. त्याआधी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. मूल जन्मण्याच्या आधीपासून त्याचा विचार करणारा हा महापुरुष होता.

२००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, त्याचे आपण स्वागतच केले. पण सहा वर्षांखालची मुले मूलभूत हक्काबाहेर राहिली. त्यांच्यासाठी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच बदललेल्या ४५ व्या कलमात उरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमातही तीन वर्षांवरील मुलांसाठी सरकार सोय 'करू शकेल' असे आहे, 'करील' असे नाही. पायाच ऐच्छिक आणि वरचे मजले सक्तीचे, असे हे घर आहे. सहा वर्षांखालच्या मुलांनाही शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी हाती घेण्यासारखी आहे.

तोपर्यंत जे हातात आहे ते तरी वापरावे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांवर लवकरात लवकर अंगणवाडी द्यावी असे सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात आणखी पुढे जाऊन सांगितले की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतला आहार हा हक्क झाला. तेव्हा कोणी उपकाराच्या सुरात बोलले तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही.

काय करावे?

वस्तीत अंगणवाडी नसेल, किंवा फार दूर असेल, तर चार शिकलेल्या तरुणांनी घरोघर जाऊन सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करावी. नाव, जन्मतारीख, आईचे नाव. यादीसह अर्ज तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्यावा, एक प्रत ग्रामपंचायतीला. पोच घ्यायला विसरू नये. ग्रामसभेत ठराव मांडावा. जागेचा प्रश्न निघाला तर समाजमंदिर किंवा विहाराची ओसरी सकाळच्या वेळी देण्याची तयारी दाखवावी. विहारात सकाळी लेकरांच्या गाण्याचा आवाज घुमला तर त्याहून चांगली वंदना कोणती?

अंगणवाडी असेल तर काही गोष्टी पाहाव्यात. ती रोज उघडते का? गोष्ट आणि गाणी होतात का? लेकरांच्या हाती काही हाताळायला येते का, की नुसते हाताची घडी तोंडावर बोट? दर महिन्याला वजन होते का, आणि वाढीच्या तक्त्यातली रेघ आईला समजावून सांगतात का? दंडाचा घेर मोजतात का? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल तर तीव्र कुपोषण समजून ताबडतोब उपचार सुरू करायचे असतात. बोलायला उशीर करणारे, आवाजाला न वळणारे, पाय ओढणारे लेकरू असेल तर सेविकेला सांगून तपासणी करून घ्यावी. 'मोठं झाल्यावर बोलेल' म्हणून वर्षे घालवू नयेत.

घरी काय करावे? फार खर्च नाही. भाकरी थापताना लेकराला पिठाचा गोळा द्यावा. भाजी निवडताना शेंगा मोजायला लावाव्यात. रात्री झोपताना एक गोष्ट सांगावी. वाचता येत नसले तरी चालते. बाबासाहेबांच्या लहानपणाची, आजोबांच्या बैलाची, भूकंपात पडलेल्या जुन्या घराची, कोणतीही. लेकराने 'का?' विचारले तर 'गप बस' म्हणू नये. बुद्धाने तर कोणतीही गोष्ट तपासून घ्यायला सांगितले, आणि तीन वर्षांचे लेकरू नेमके तेच करीत असते. हातात मोबाईल देऊन त्याचे तोंड बंद करू नये. आणि बापांनो, हे काम फक्त आईचे नाही. संध्याकाळी अर्धा तास लेकराला मांडीवर घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटी एक छोटीशी विनंती. येत्या सोमवारी सकाळी अर्धा तास काढून आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन बसा. स्वतःचे लेकरू असो वा नसो. बाईंना विचारा, 'काय लागतं?' बहुधा त्या सतरंजी म्हणतील, दाराला कडी म्हणतील, पिण्याच्या पाण्याचा माठ म्हणतील. या गोष्टी वस्तीला जड नाहीत. जे सरकारने द्यायचे ते सरकारकडून भांडून घ्यावे, आणि जे आपल्या हातचे आहे ते त्याच आठवड्यात करून टाकावे.